तेलामागे पाणी: खडकातल्या दोन द्रवांच्या प्रवाहाचे गणित, एका नळीपासून

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्राच्या तळाखालच्या चुनखडकात तेल आहे, हे १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगने खोदलेल्या विहिरीतून कळले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि १९८४ पासून मुंबई हायच्या त्या खडकात दाबाने पाणी सोडायला सुरुवात झाली. तेल उपसत गेले की खडकातला दाब उतरतो, तेलात विरघळलेला वायू सुटू लागतो आणि मागे उरलेले तेल विहिरीकडे यायचे मंदावते. सोडलेले पाणी दाब टिकवते आणि तेलाला पुढे रेटते.

मग प्रश्न येतात. हे पाणी तेलविहिरीपर्यंत कधी पोहोचेल? पोहोचल्यावर दर शंभर लिटरमागे पाणी किती आणि तेल किती येईल? खडकात किती तेल कायमचे अडकून राहील? या प्रश्नांची उत्तरे मोठमोठे सिम्युलेटर, म्हणजे खडकातल्या प्रवाहाची नक्कल करणारे संगणकी प्रोग्रॅम, देतात, पण नवीन माणसाने थेट सिम्युलेटर उघडू नये असे माझे ठाम मत आहे. आधी एक सरळ नळी कागदावर सोडवावी, मग तीच नळी स्वतः लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये सोडवावी आणि दोन्ही उत्तरे जुळल्यावरच पुढे जावे. हा लेख त्याच क्रमाने जातो. खालचे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून मी निवडलेले आहेत, कुठल्या प्रत्यक्ष क्षेत्राचे नाहीत. बारावीचे कलनशास्त्र आठवत असेल तर एवढी शिदोरी पुरे.

आधी खडक आणि त्यातली जागा

खडकाच्या एकूण घनफळापैकी जेवढा भाग पोकळ, ती त्याची सच्छिद्रता. त्या पोकळ्या एकमेकींना किती मोकळेपणाने जोडलेल्या आहेत, हे पारगम्यता सांगते. या दोन गोष्टींची गल्लत करू नका. एखाद्या चिकणमातीत पोकळी भरपूर असते, पण पाणी वाहताना जीव जातो. तिसरी राशी म्हणजे संपृक्तता: पोकळ जागेपैकी किती वाटा पाण्याने व्यापला आहे. उरलेला वाटा तेलाचा, म्हणून दोन्हींची बेरीज नेहमी १.

आपली नळी अशी घ्या. लांबी ३०० मीटर, आडवा छेद १,००० चौरस मीटर, सच्छिद्रता ०.२, पारगम्यता १०० मिलिडार्सी. म्हणजे पोकळ जागा झाली ६०,००० घनमीटर. एका टोकाने रोज १०० घनमीटर पाणी आत जाते, दुसऱ्या टोकाने तेवढेच द्रव बाहेर येते. नळी आडवी आहे, द्रव दाबले जात नाहीत, वायू नाही. ही गृहीतके कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवा. पुढे उत्तर चुकीचे वाटले की आधी तिथेच पाहायचे असते.

पारगम्यतेचे एकक ज्याच्या नावावर आहे त्या ऑन्री दार्सीने १८५६ मध्ये फ्रान्समधल्या दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यावर लिहिताना वाळूच्या स्तंभातून पाणी सोडून केलेले प्रयोग मांडले. त्यातून निघालेला नियम साधा आहे: प्रवाहाचा वेग दाबाच्या उताराच्या प्रमाणात वाढतो, पारगम्यतेच्या प्रमाणात वाढतो आणि द्रवाच्या श्यानतेच्या, म्हणजे घट्टपणाच्या, प्रमाणात घटतो. एक डार्सी म्हणजे सुमारे एक चौरस मायक्रॉन. मिलिडार्सी ते चौरस मीटर हे रूपांतर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: १०० मिलिडार्सी म्हणजे जवळजवळ १० चा उणे तेरावा घात चौरस मीटर. माझ्या पाहण्यात सर्वाधिक चुका इथेच झाल्या आहेत.

दोन द्रव एकाच वाटेने जातात तेव्हा

दार्सीच्या वाळूत एकटे पाणी होते. आपल्याकडे पाणी आणि तेल एकाच जाळ्यातून जातात आणि एकमेकांची वाट अडवतात. म्हणून दार्सीचा नियम प्रत्येक द्रवासाठी स्वतंत्र लिहितात आणि पारगम्यतेला ० ते १ मधल्या एका संख्येने गुणतात. ती सापेक्ष पारगम्यता. रोजच्या बोलण्यात तिला रेल-पर्म म्हणतात. तिची किंमत संपृक्ततेनुसार बदलते आणि ती प्रयोगशाळेत खडकाच्या गाभ्याच्या तुकड्यावर, म्हणजे कोअरवर, मोजावी लागते.

आपल्या खडकात २० टक्के जागा मुळातच कणांना चिकटलेल्या पाण्याने व्यापली आहे आणि ते हलत नाही. दुसऱ्या टोकाला २० टक्के तेल कितीही पाणी सोडले तरी अडकून राहते. खरी उलाढाल मधल्या ६० टक्क्यांत होते. म्हणून एक सोयीची राशी ‘स’ घेऊ:

स = (पाण्याची संपृक्तता − ०.२) ÷ ०.६

पाण्याची सापेक्ष पारगम्यता = ०.२५ × स²

तेलाची सापेक्ष पारगम्यता = (१ − स)²

पाण्याची श्यानता ०.५ सेंटीपॉइज, तेलाची २ सेंटीपॉइज. सापेक्ष पारगम्यतेला श्यानतेने भागले की त्या द्रवाची मोबिलिटी मिळते: पाण्याची ०.५ × स², तेलाची ०.५ × (१ − स)².

इथे थोडे थांबून दोन्हींची बेरीज करून पाहा. स शून्य असताना ती ०.५ आहे, स एक असतानाही ०.५. पण स = ०.५ ला ती निम्मी, ०.२५ होते. पाणी आणि तेल मिसळून वाहतात तिथे दोघांचाही प्रवास सर्वांत कठीण. निव्वळ तेल वाहत असताना आपल्या नळीच्या दोन टोकांत सुमारे ७० बार दाबाचा फरक लागतो (वेग रोज ०.१ मीटर धरून स्वतः काढून बघा), आणि सगळ्या नळीत स = ०.५ असेल तर तेवढ्याच प्रवाहाला १४० बार लागतील. पाणी सोडायचे पंप निवडणाऱ्याला ही एक ओळ सिम्युलेटरच्या शंभर पानांहून जास्त कामाची आहे.

रेल-पर्मबद्दल आणखी दोन गोष्टी. पाणी तेलाला हटवत असेल तर पाणी वाढत जाताना मोजलेला वक्र वापरा. तेल पाण्याला हटवताना मोजलेला वक्र वेगळा असतो. आणि खडक पाण्याला आपलेसे करणारा आहे की तेलाला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. चुनखडकात पुष्कळदा पृष्ठभाग तेलाला धरून ठेवतो, मग पाणी मोठ्या पोकळ्यांतून सुसाट पळते आणि आपण घेतलेला ०.२५ हा आकडा बराच वर सरकतो.

प्रवाहातला पाण्याचा वाटा

नळीतल्या एखाद्या छेदातून जाणाऱ्या एकूण द्रवात पाणी किती? कॅपिलरी दाब (बारीक पोकळीत दोन द्रवांच्या सीमेवर पडणारा दाबाचा फरक) आणि गुरुत्व बाजूला ठेवले तर तो वाटा म्हणजे पाण्याची मोबिलिटी भागिले दोन्हींची बेरीज. पारगम्यता आणि दाबाचा उतार दोन्ही कटून जातात, आणि उरते:

वाटा = स² ÷ [स² + (१ − स)²]

याचा आलेख हाताने, आलेखाच्या कागदावर काढा. इंग्रजी एस अक्षरासारखा वळसा घेणारा वक्र दिसेल: आधी आळसावलेला, मध्ये उभा चढणारा, शेवटी सपाट. या सगळ्या विषयाचे मर्म या एका वक्रात आहे. तेल घट्ट असले की वक्र डावीकडे सरकतो, खडकाचा स्वभाव बदलला की त्याचा आकार बदलतो, आणि आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्यावरूनच वाचता येतात.

समीकरण

नळीचा एक पातळ काप घ्या. त्यात आलेले पाणी वजा बाहेर गेलेले पाणी म्हणजे कापात साठलेले पाणी. जमाखर्च एवढाच आहे. गणितात लिहिताना: सच्छिद्रता गुणिले संपृक्ततेचा काळानुसार बदल, अधिक प्रवाहवेग गुणिले पाण्याच्या वाट्याचा अंतरानुसार बदल, बरोबर शून्य. एस. ई. बकली आणि एम. सी. लेव्हरेट यांनी १९४२ मध्ये हे समीकरण तेलाच्या संदर्भात मांडले.

त्यातून निघणारा निष्कर्ष मला अजूनही सुंदर वाटतो. प्रत्येक संपृक्तता स्वतःच्या ठरावीक वेगाने नळीतून पुढे जाते आणि तो वेग त्या संपृक्ततेला वाट्याच्या वक्राचा उतार जेवढा, त्या प्रमाणात असतो. पण वक्र मध्ये उभा आहे, म्हणजे मधल्या संपृक्तता सर्वांत वेगाने धावतात आणि पुढच्या कमी संपृक्ततांना मागे टाकतात. तसे झाले तर एकाच जागी एकाच वेळी तीन वेगवेगळ्या संपृक्तता असाव्या लागतील, जे अशक्य आहे. प्रत्यक्षात तिथे एक उभी पायरी तयार होते: पायरीच्या पुढे मूळ तेल, मागे एकदम भरपूर पाणी. हीच पाण्याची आघाडी.

पायरी किती उंच, हे शोधायची रीत एच. जे. वेल्ज यांनी १९५२ मध्ये दिली आणि ती पट्टी-पेन्सिलीने होते. आलेखावरच्या सुरुवातीच्या बिंदूतून, म्हणजे संपृक्तता ०.२ आणि वाटा ०, वक्राला स्पर्शिका काढा. ती जिथे टेकते ती आघाडीची संपृक्तता. आपल्या वक्रावर ती स = ०.७०७ ला टेकते. पाण्याची संपृक्तता ०.६२४, पाण्याचा वाटा ०.८५४.

स्पर्शिकेचा उतार संपृक्ततेच्या मापात २.०१ आहे. पोकळ्यांमधला सरासरी वेग रोज ०.५ मीटर (०.१ भागिले ०.२), म्हणून आघाडी रोज सुमारे १.००६ मीटर सरकते आणि ३०० मीटर पार करायला तिला २९८ दिवस लागतात. तोवर पोकळ जागेच्या ०.४९७ पट पाणी आत गेलेले असते, म्हणजे तेवढेच तेल बाहेर आलेले. मूळ तेल ०.८ होते, ६२ टक्के निघाले.

२९८ व्या दिवसापर्यंत विहिरीत पाण्याचा थेंब नाही आणि त्या दिवशी एकाएकी दर शंभर लिटरमध्ये ८५ लिटर पाणी. पुढे विहिरीतला पाण्याचा वाटा ९६ टक्के होईपर्यंत पाणी सोडत राहिले तर ६६० दिवस लागतात, पोकळ जागेच्या १.१ पट पाणी जाते आणि तेलाची वसुली ६२ वरून जेमतेम ६८ टक्क्यांवर येते. शेवटच्या सहा टक्क्यांसाठी आधीपेक्षा जास्त पाणी.

आता फक्त तेलाची श्यानता दहापट, २० सेंटीपॉइज करा. स्पर्शिका स = ०.३०२ ला टेकते, आघाडी रोज १.८ मीटर धावते, १६७ दिवसांत पोहोचते आणि तोवर वसुली फक्त ३५ टक्के. पॉलिमर मिसळून पाणी घट्ट का करतात, याचे उत्तर या दोन ओळींच्या फरकात आहे.

खऱ्या क्षेत्रात इतकी चांगली वसुली मिळत नाही. पाणी नळीसारखे सगळा छेद भरून जात नाही, ते सोपी वाट धरते. त्याकडे येऊच.

तीच नळी, कप्पे पाडून

नळीचे प्रत्येकी ३ मीटरचे १०० कप्पे पाडा. प्रत्येक कप्प्याची एकच संपृक्तता. दर टप्प्याला:

नवी संपृक्तता = जुनी + गुणक × (आत येणारा वाटा − बाहेर जाणारा वाटा)

गुणक म्हणजे वेग गुणिले कालखंड, भागिले सच्छिद्रता गुणिले कप्प्याची लांबी. कालखंड दीड दिवस घेतला तर गुणक ०.२५ येतो. पहिले दोन टप्पे हाताने करू.

पहिला टप्पा: पहिल्या कप्प्यात निव्वळ पाणी येते, वाटा १. बाहेर निव्वळ तेल जाते, वाटा ०. संपृक्तता ०.२ वरून ०.४५.

दुसरा टप्पा: ०.४५ ला स = ०.४१७, वाटा ०.३३८. पहिला कप्पा ०.४५ + ०.२५ × (१ − ०.३३८) = ०.६१५५. दुसरा कप्पा ०.२ + ०.२५ × ०.३३८ = ०.२८४५.

जमाखर्च लगेच तपासा. वाढ ०.४१५५ आणि ०.०८४५, बेरीज ०.५. दोन टप्प्यांत आत गेले ०.२५ अधिक ०.२५. पैन् पै जुळले. ही तपासणी प्रोग्रॅममध्ये कायमची बसवा, दर टप्प्याला छापून घ्या. आलेख डोळ्यांना छान दिसतो म्हणून उत्तर बरोबर आहे असे समजू नका. पाणी हरवणारे मॉडेलही छान आलेख काढते.

कालखंड सहा दिवसांचा घेतला तर काय होते? गुणक १, आणि पहिल्याच टप्प्यात संपृक्तता १.२. पोकळ जागेपेक्षा जास्त पाणी! मर्यादा अशी: एका कालखंडात सर्वांत वेगवान संपृक्ततेने एक कप्पा ओलांडता कामा नये. आपल्या वक्राचा सर्वांत मोठा उतार ३.३३ आहे, त्यावरून कमाल कालखंड १.८ दिवस येतो.

दोन कप्प्यांमधल्या सीमेवर वाटा कोणत्या कप्प्याचा घ्यायचा, हा प्रश्न छोटा वाटतो पण इथे मॉडेल तरते किंवा बुडते. प्रवाह जिकडून येतो त्या बाजूच्या कप्प्याचा घ्यायचा. दोन्हींची सरासरी घेतली तर आघाडीजवळ संपृक्तता वरखाली हेलकावते. पुढच्या कप्प्याचा घेतला तर तिथे पाणी नसल्यामुळे पाणी कधी पुढे सरकतच नाही. पारगम्यतेचे मात्र उलटे, तिथे सरासरीच हवी, पण योग्य जातीची. १०० आणि १ मिलिडार्सीचे सारख्या लांबीचे दोन कप्पे एकामागे एक असतील तर साधी सरासरी ५०.५ येते, खरी परिणामी पारगम्यता १.९८. प्रवाहाच्या वाटेवर अरुंद गल्लीच हुकूम चालवते, म्हणून हरात्मक सरासरी. थर एकावर एक असतील आणि प्रवाह थरांच्या दिशेने असेल तर साधी सरासरी बरोबर.

आता कागदावरचे उत्तर आणि प्रोग्रॅमचे उत्तर शेजारी ठेवा. उभी पायरी थोडी लवंडलेली दिसेल आणि पहिले पाणी २९८ दिवसांच्या जरा आधीच येईल. हा कप्प्यांच्या जाडीचा परिणाम आहे. २००, मग ४०० कप्पे करा (कालखंडही तितकाच लहान करा), पायरी उभी होत जाईल. तशी झाली नाही तर चूक प्रोग्रॅममध्ये आहे आणि ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

दाबाचे समीकरण आणि मोठे मॉडेल

नळीत वेग आपणच ठरवला होता. दोन-तीन दिशांत तो दाबावरून काढावा लागतो. दोन्ही द्रवांचे जमाखर्च एकत्र केले की संपृक्ततेचा काळाशी संबंध नाहीसा होतो आणि दाबाचे एक समीकरण मिळते. आधी सगळ्या कप्प्यांचा दाब एकत्र सोडवायचा, त्यावरून वेग, मग वरच्या रीतीने संपृक्तता पुढे न्यायची. ही रीत समजायला सोपी आहे, पण विहिरीजवळ वेग मोठा असल्याने कालखंड फार लहान करावा लागतो. म्हणून व्यावसायिक सिम्युलेटर दाब आणि संपृक्तता दोन्ही एकत्र सोडवतात.

इथेच कॅपिलरी दाब आत येतो. एक मायक्रॉन त्रिज्येच्या पोकळीत, पाणी-तेलाचा पृष्ठताण ०.०३ न्यूटन प्रति मीटर धरला, तर हा दाब सुमारे ०.६ बार. शंभर मीटरच्या हिशेबात किरकोळ, पण प्रयोगशाळेतल्या काही सेंटीमीटरच्या कोअरमध्ये तोच राज्य करतो. अडकलेले २० टक्के तेल त्यानेच धरलेले आहे. पाण्याची श्यानता गुणिले वेग भागिले पृष्ठताण, हे गुणोत्तर आपल्या नळीत सुमारे १० चा उणे आठवा घात गुणिले २ येते. अडकलेले तेल सुटायला ते हजारपटीने तरी वाढायला हवे, आणि नुसता पंपाचा जोर वाढवून ते होणे नाही.

दोन तक्ते एकमेकांशी जुळतात का हे नक्की पाहा. एकदा मला मिळालेल्या माहितीत रेल-पर्मच्या तक्त्यात न हलणारे पाणी ०.२० होते आणि कॅपिलरी दाबाच्या तक्त्यात ०.२६. मॉडेल बिनतक्रार चालले, पण एकही विहीर उघडली नसताना पाणी आपोआप सरकत होते. शोधायला दोन आठवडे गेले. तेव्हापासून कुठलेही मॉडेल हाती आले की सगळ्या विहिरी बंद ठेवून आधी दहा वर्षे चालवून पाहतो. काही हलले, तर सुरुवातच चुकलेली आहे.

दाब बुडबुडे सुटण्याच्या पातळीखाली गेला की वायू येतो आणि द्रव तीन होतात. तीन द्रवांची सापेक्ष पारगम्यता थेट मोजणे अवघड, म्हणून दोन-दोनच्या मोजमापांवरून ती बांधतात, एच. एल. स्टोन यांची १९७० आणि १९७३ ची सूत्रे आजही सिम्युलेटरमध्ये असतात. गरज असेल तरच त्यात शिरा.

थरांकडे मात्र प्रत्येकाने लक्ष द्यावे. नळी दोन थरांची करा, वरचा ४०० मिलिडार्सीचा, खालचा ४० चा, जाडी सारखी, दोन टोकांतला दाबाचा फरक दोन्ही थरांना सारखा. पाणी वरच्या थरातून दहापट वेगाने जाईल, विहीर लवकर पाण्याने भरेल आणि खालच्या थरातले बहुतेक तेल जागच्या जागी राहील. थरांच्या चुनखडकात पाणी सोडणाऱ्यांची खरी झुंज हीच असते, आणि सरासरी पारगम्यतेचे मॉडेल ती दाखवतच नाही.

इतके स्वतः करून झाले की तयार साधने उघडा. नॉर्वेच्या सिंटेफ संस्थेचे एमआरएसटी आणि ओपीएम फ्लो ही दोन्ही मोफत आहेत, त्यांचा कोड वाचता येतो. सरावासाठी २००१ ची एसपीईची (सोसायटी ऑफ पेट्रोलियम इंजिनिअर्स या संघटनेची) दहावी तुलनात्मक चाचणी घ्या: ६० × २२० × ८५ म्हणजे ११,२२,००० कप्पे, शेजारच्या दोन कप्प्यांत पारगम्यतेचा जमीन-अस्मानाचा फरक. तिचा एकच आडवा थर आधी सोडवा. एका कोपऱ्यात पाणी सोडा, समोरच्या कोपऱ्यातून तेल काढा आणि पाण्याची आघाडी कशी बोटे फुटल्यासारखी पसरते ते पाहा.

शेवटचे काम मॉडेल प्रत्यक्ष विहिरींच्या नोंदींशी जुळवण्याचे. पाणी मॉडेलमध्ये वर्षभर उशिरा येते असे दिसले की बहुतेकांचा हात रेल-पर्मच्या वक्राकडे जातो, कारण तो वाकवला की काहीही जुळते. त्याला सर्वांत शेवटी हात लावा. आधी सोडलेल्या पाण्याच्या नोंदी तपासा, मग विहिरींचे दाब, मग थरांची जोडणी आणि पारगम्यता. एकाच इतिहासाशी जुळणारी अनेक मॉडेल्स असतात, म्हणून जुळलेले एक मॉडेल मिळाल्यावर मुद्दाम वेगळ्या थरांचे दुसरे जुळवा आणि दोघांचीही पुढच्या पाच वर्षांची भाकिते एकाच आलेखावर काढा. वरिष्ठांपुढे ठेवायचा तो आलेख दोन्ही रेषांसकट ठेवा.